ल्युत्सोवर मागे राहिलेले

एश्बॉर्न,
१९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

हाताने पत्र लिहून किती वर्षं झाली, आठवत नाही. शेवटचं बहुतेक तुझं लग्न झाल्यावर तुला नाशिकला पाठवलं होतं, आणि तू त्यातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ते मला परत पाठवलं होतंस. मुख्याध्यापिका व्हायच्या पंधरा वर्षं आधीच तू मुख्याध्यापिका होतीस. याही पत्रात चुका निघतील, काढ. फोनवर हे बोलता येणार नाही म्हणून लिहितोय. फोनवर तू मध्येच "गुरू, जेवलास का रे" विचारतेस आणि विषय बदलायला मला तेवढं निमित्त पुरतं. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर श्रीपादराव आधी वाचतील. हे तू एकटीने वाच, आणि वाचून झाल्या झाल्या फोन करू नकोस.

गेल्या रविवारी श्रीपादरावांचा फोन आला होता. तिला सांगू नका म्हणाले, पण या पत्रात आता लपवाछपवी करायचीच नाही असं मी ठरवलंय. ते म्हणाले, सहामाहीच्या प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा तीन दिवस तुझ्या टेबलावर पडून होता. तू पेन उचलतेस आणि सही करायच्या जागी आलं की हात थांबतो. शेवटी दुसऱ्या बाईंनी सह्या केल्या. राजीनामा लिहून ठेवलायस, पण त्याच्यावरही सही होत नाही म्हणून तो कपाटातच आहे, हे सांगताना ते बिचारे हसायला गेले आणि मध्येच थांबले. जेवण अर्ध्यावर आलंय, झोपेची गोळी चालू आहे, आणि वर्षश्राद्धाची तारीख विचारायला गेलीस तेव्हा गुरुजींनाच विचारलंस म्हणे, की जिने बापाला मारायच्या कागदावर सही केली त्या मुलीला श्राद्धाच्या घरात बसता येतं का. तुझा मेसेज मला आलाच होता, "या वेळी तरी ये, तुझ्या हातून व्हायला हवं." मी त्यावर अंगठा पाठवला. चार दिवस विचार करून अंगठा पाठवला, ताई, अशी माझी मजल.

आमच्या पुस्तकांच्या कपाटावर एक कागदी जहाज आहे. व्हिडिओ कॉलवर माझ्या डोक्यामागे तुला दिसलं असेल, करड्या रंगाचं, जवळजवळ कपाटाएवढं लांब. त्याचं नाव ल्युत्सो. बाबा दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्याकडे तीन महिने राहिले, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या नातवाने, मयुरेशने, ते केलं. तू म्हणशील, हा कुठे भरकटला. भरकटलोय खरा. पण सरळ मुद्द्यावर येणं मला जमत नाही हे तुला मी पाचवीत नापासाचा पेपर लपवला तेव्हापासून ठाऊक आहे.

पहिल्या आठवड्यातच बाबा कंटाळले होते. एश्बॉर्नमध्ये बघायचं काय, तर काचेच्या ऑफिस इमारती, आणि फ्रँकफुर्टला जाणारी एस-बान लोकल. रविवारी तर कुत्रंसुद्धा भुंकत नाही. बाल्कनीत उभं राहून त्यांनी सुनेला, देवश्रीला, विचारलं, "इथे माणसं राहतात, की नुसती कामाला येतात?" मग एका शनिवारी आम्ही त्यांना फ्लोमार्क्टला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात नेलं. तिथे एका म्हाताऱ्याकडे कागदी बोटींचे छापील तक्ते होते, कापायचे, दुमडायचे, डकवायचे. बाबांनी एक तक्ता उचलला आणि ते चष्मा कपाळावर सरकवून बघतच राहिले. चौतीस वर्षं माझगावच्या गोदीत ज्यांनी बोटींचे नकाशे काढले, त्यांना दुसरं काय लागतं? त्या दिवसापासून आमचं जेवणाचं टेबल ही त्यांची गोदी झाली आणि आम्ही दीड महिना सोफ्यावर बसून जेवलो. मयुरेश जर्मनमध्ये बोलायचा, बाबा मराठीत. "आजोबा, लांग्झाम!" म्हणजे हळू, असं तो ओरडायचा, आणि बाबा म्हणायचे, "हळूच चाललंय, तूच बोटं मध्ये घालतोस." दोघांचं कधी काही अडलं नाही.

पण एकदा मात्र बाबा खरंच चिडले. तक्ते पूर्ण उलटून पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ही बोट पाण्याच्या रेषेपर्यंतच आहे. टेबलावर ठेवली की तरंगतेय असं दिसावं म्हणून खालचा भाग छापलेलाच नसतो. "ही काय बोट झाली? खालची कुठाय?" असं म्हणून त्यांनी मला जाब विचारला, जणू मीच ती छापली. मग स्वतःच मोजमापं काढून, पुठ्ठा आणून, त्यांनी पोटाचा भाग तयार केला. आत खण पाडले. वरून ते कोणाला दिसणार नव्हते, तरी पाडले. मयुरेशला ते समजावून सांगायचे, की एका खणात पाणी शिरलं तर त्याचं दार लावून घेतात, म्हणजे बाकीची बोट वाचते. ही बॅटलक्रूझर होती. मोठ्या युद्धनौकेसारख्या तोफा आणि क्रूझरसारखा वेग, दोन्ही एकाच बोटीत घालायचा त्या काळचा अट्टहास. तिच्या मागच्या अर्ध्या भागाचं बाबा कौतुक करायचे. पुढच्या भागाकडे बोट दाखवून म्हणायचे, इथे खण मोठे ठेवलेत, इथे घात आहे.

त्यांनाच हट्ट, की ज्या गावातून असल्या बोटी निघायच्या ते गाव बघायचं. मग आम्ही तिघे डॉइचलांडटिकेटवर विल्हेल्म्सहाफेनला गेलो. ते महिन्याचं तिकीट जलद गाड्यांना चालत नाही, त्यामुळे चार ठिकाणी गाड्या बदलत, नऊ तास, देवश्रीने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात. बाबांना त्या प्रवासाचा कंटाळा आला नाही. तिथे नौदलाची एक दफनभूमी आहे. उंच झाडं, सारख्या अंतरावर दगड, कुठेही पालापाचोळा नाही. बाबा एका बाकावर बसले आणि म्हणाले, वाच, तिचं काय झालं ते. मी फोनवर शोधून त्यांना मराठीत सांगत गेलो.

ताई, तुलाही थोडक्यात सांगतो. एकतीस मे १९१६, उत्तर समुद्र. ल्युत्सोला आरमारात येऊन दहा महिनेसुद्धा झाले नव्हते. त्या दिवशी ती अ‍ॅडमिरलची बोट होती, सगळ्यांच्या पुढे. संध्याकाळी तिने आणि तिच्याच बांधणीच्या बहीण-बोटीने मिळून इंग्रजांची एक बॅटलक्रूझर फोडली, एका स्फोटात हजारावर माणसं गेली आणि सहा वाचली. पण हिलाही वीसच्या वर मोठे गोळे लागले होते. पुढचे खण भरत गेले. अ‍ॅडमिरल छोट्या बोटीत उतरून दुसऱ्या जहाजावर निघून गेला, कारण त्याला लढाई चालवायची होती. ल्युत्सो मागे पडली. रात्रभर त्यांनी पंप चालवले, उलटं चालवून बघितलं, म्हणजे पुढून पाण्याचा जोर कमी लागेल. पण नाक इतकं खाली गेलं होतं की मागचे पंखे पाण्याबाहेर यायला लागले. पहाटेच्या आधी कप्तानाने सगळ्यांना उतरायला सांगितलं. सोबतच्या लहान टॉर्पेडोबोटींनी हजाराच्या वर माणसं उतरवून घेतली, जखमी आधी. आणि बोट शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्याच लहान बोटींपैकी एकीने, आपल्याच जहाजावर, दोन टॉर्पेडो सोडले. दोन मिनिटांत ती गेली.

पुढचं मी वाचलं आणि सांगायचं टाळणार होतो. पण बाबा माझ्या चेहऱ्याकडेच बघत होते. पुढच्या भागात, खाली, काही माणसं अडकली होती. वरचे खण पाण्याने भरलेले, त्यामुळे दार उघडायची सोय नव्हती. कुठे सहा लिहिलंय, कुठे सत्तावीस. डायनामोच्या खोलीत ती जिवंत होती आणि वरच्यांशी शेवटपर्यंत त्यांचं बोलणं होत होतं, असंही कुठे कुठे लिहिलेलं सापडतं. खरं किती, देव जाणे. टॉर्पेडो सोडले तेव्हा ती आतच होती. मयुरेशला तेवढं मराठी कळलं. "दास इस्ट डॉख उनफेअर," म्हणजे हा तर अन्याय आहे, असं म्हणून तो दगड मोजायला निघून गेला. बाबा म्हणाले, कप्तानाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, वर हजार माणसं होती. थोड्या वेळाने म्हणाले, "पण त्यांना सांगितलं असेल का रे, की आता आम्ही निघालो? का येतोच म्हणाले असतील?" मला काय माहीत. मी म्हटलं, बाबा, पाच वाजताची गाडी आहे.

आता गेल्या नोव्हेंबरकडे येतो. बाबांना न्यूमोनिया झाला, तू त्यांना मुलुंडच्या हॉस्पिटलमध्ये नेलंस, दुसऱ्या दिवशी आयसीयू, तिसऱ्या दिवशी घशात नळी. अठरा दिवस तू त्या बाकड्यावर काढलेस. आत जायला सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं. निर्णय कोण घेणार या रकान्यात तू माझं नाव आणि माझा जर्मनीचा नंबर लिहिलास. मोठी तू, रोज तिथे तू, आणि तरी डॉक्टरांना म्हणालीस, माझ्या भावाशी बोला, तो तिकडे असतो. आपल्या घरात हे असंच चालत आलंय. फ्रिज कुठला घ्यायचा तेही मला विचारून. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मी आलो नाही. का, तर माझ्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपली होती आणि नवीन कार्ड आलं नव्हतं. मधल्या काळासाठी इथलं ऑफिस एक घडीचा कागद देतं, त्याचं नाव इतकं लांब आहे की श्रीपादरावांनी ते तीनदा विचारून घेतलं, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. इथल्या निम्म्या मराठी लोकांचा समज आहे की तो कागद असताना देशाबाहेर गेलं की परत येता येत नाही. माझाही होता. मी तुला तसं सांगितलं, आणि तू म्हणालीस, असू दे, तिकडचं सांभाळ, मी आहे ना. मग ऑफिसमधल्या हृषिकेशने मला तो कागद उघडायला लावला. आत तीन चौकटी असतात. पहिलीवर खूण असेल तर बाहेर जाऊन परत येता येत नाही. तिसरीवर असेल तर येतं. "आल्झो, म्हणजे तुझी तिसरी आहे, उद्याच्या फ्लाइटने जा की," तो म्हणाला. कागद माझ्या खिशात दीड महिना होता. मी तो एकदाही नीट वाचला नव्हता. ही चूक झाली आणि तिला मी चूकच म्हणेन. पण हृषिकेशने सांगितलं त्या दिवशी बाबांना हॉस्पिटलमध्ये जाऊन पंधरा दिवस झाले होते. ते आणखी तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मी तुला हे सांगितलं नाही. तू रोज विचारायचीस, काही झालं का रे तुझ्या कागदाचं, आणि मी म्हणायचो, नाही गं, बघतोय.

नवी नोकरी लागून चार महिने झाले होते. प्रोबेत्साइट, म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत ते कारण न देता काढू शकतात. त्याच आठवड्यात आमची सिस्टम चालू व्हायची होती. ही सगळी कारणं खरी आहेत. पण मी घाबरलो होतो, हे त्यांच्याही आधीचं कारण. मला बाबांना तसं बघायचं नव्हतं. मला त्या बाकड्यावर बसायचं नव्हतं. आईच्या वेळी मी बारावीची परीक्षा म्हणून वाचलो होतो, तेव्हाही सगळं तूच केलंस. मी दुसऱ्या जहाजावर निघून गेलो आणि तिथून लढाई चालवतोय असं सोंग केलं.

त्या दिवसाचं तुला जे माहीत आहे ते असं. नळी काढून तीन दिवस झाले होते, श्वास पुन्हा बिघडला होता, मास्क लावला होता. सकाळी अकराला तू आत गेलीस तेव्हा बाबा ग्लानीत होते. दुपारी मी तुला फोन केला आणि सांगितलं, डॉक्टर म्हणतात मेंदूवर परिणाम झालाय, आता शुद्ध येणार नाही, पुन्हा नळी घालणं म्हणजे नुसते हाल. ती नको असं लिहून सही कर. तू मला तीनदा विचारलंस, "मध्ये जागे नाही ना झाले ते?" मी तीनदा नाही म्हणालो. तू काउंटरवर जाऊन वासुदेवरावांची मुलगी म्हणून सही केलीस. मग त्यांनी धाप कमी व्हायचं औषध दिलं, त्यामुळे संध्याकाळी पाचला तू गेलीस तेव्हा ते झोपलेले होते. पहाटे गेले. अग्नी तू दिलास आणि मी फोनच्या पडद्यावर हात जोडून उभा होतो.

ताई, यातलं एक एक आता मागे घेतो. मेंदूवर परिणाम झालाय असं डॉक्टर मला कधीच म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, पुन्हा नळी घातली तर शंभरात पंचवीस-तीस शक्यता आहे, न घातली तर एक-दोन दिवस. आणि म्हणाले, आता ते जागे आहेत, सगळं समजतंय, तुम्हाला हवं तर त्यांनाच विचारा. मला धक्काच बसला. आपल्यात बापाला असं कोणी विचारतं का? आपण तर शेजाऱ्याच्या आजारालाही "बरं नाहीये" म्हणतो. पण त्यांनी आतल्या नर्सच्या हातात फोन दिला.

वर्षभर चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालंय. तू सहज "बाबा" म्हणालीस तरी मला वाटतं हिला कळलं. नवीन कार्ड जानेवारीतच आलंय, तेही मी तुला सांगितलं नाही, कारण मग न येण्याला कारण उरलं नसतं. तू खंगत चाललीस हे मला मार्चपासून दिसतंय, आणि मी ठरवलं होतं की कधीच सांगायचं नाही, कारण हे कळलं तर तुझं दुःख वाढेल. किती सोयीचा विचार! त्या लहान बोटीवर ज्यांनी टॉर्पेडो सोडले, त्यांना आत कोण आहे हे माहीत होतं की नव्हतं, मला सापडलं नाही. पण त्यांनी हुकमाने सोडले, हे नक्की. तुझ्या हातून जे झालं ते तेवढंच. आणि तुला आत कोण आहे हे नक्की माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं.

राहिलेलं आता सांगतो, त्यासाठीच हे पत्र आहे. आमच्याकडे सकाळचे दहा वाजले होते, मी ऑफिसच्या एका छोट्या काचेच्या खोलीत उभा होतो. नर्स केरळची होती. पडद्यावर बाबा दिसले, मास्क लावलेले, उशीला टेकून बसलेले. डोळे स्वच्छ होते. मला बघून त्यांनी भुवया उंचावल्या, आपण दारात आलो की उंचावायचे तशा. मास्कमुळे बोलता येत नव्हतं म्हणून नर्सने त्यांना पाटी आणि कागद दिला. त्यांनी बराच वेळ घेऊन लिहिलं. प्रत्येक अक्षर सुटं आणि शिरोरेषा सरळ, नकाशावर लिहायचे तसं. नर्सने तो कागद फोनपुढे धरला आणि विचारलं, "सर, मराठी मालूम नहीं, क्या लिखा है?" त्यावर लिहिलं होतं, "नळी परत चालेल. गुरू येईपर्यंत." मी ते वाचलं. त्या सगळ्या हॉस्पिटलमध्ये, त्या क्षणी, ते वाचता येणारा मी एकटा होतो, आणि मी सहा हजार किलोमीटर लांब होतो. माझ्या खिशात तिसरी चौकट होती. मी म्हणालो, "पानी माँग रहे हैं." तिने कापूस ओला करून, मास्क जरा वर करून, त्यांच्या ओठांवर फिरवला. बाबांनी मान हलवली, नाही म्हणून. कागद स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा माझ्यासमोर धरला. मी म्हणालो, "हाँ हाँ, पानी ही, थोडा और दे दीजिए." तेव्हा त्यांना कळलं. ते माझ्याकडे बघत राहिले, रागाने नाही, ताई, रागावले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी कागद छातीवर पालथा ठेवला, पेनाला टोपण लावलं आणि डोळे मिटले. वीस मिनिटांनी मी तुला सही करायला सांगितली. तुझा हात स्वच्छ आहे. ज्याने बाबांना मारलं तो मी आहे, तू नाहीस, आणि हे तुला लेखी हवं म्हणून हे पत्र. श्रीपादरावांना, गुरुजींना, कोणालाही दाखव. श्राद्धाला मी येणार नाही, मला येता येतं तरी येणार नाही. सगळं तूच कर, तर्पणाचं पाणी तूच दे. माझ्याकडून बाबांनी पाणी एकदा घेतलंय.

अजून म्हणू दिलंस तर तुझाच,
गुरू